चिप टाकल्यावर चढावर गाडी बसते: जुन्या टर्बो डिझेलची तपासणी कुठून सुरू करायची

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. ‘भाऊ, चिप टाकली तवा आठ दिवस गाडी नुसती उडून राह्यली होती. आता चढ लागला का बसून जाते. चावी बंद करून परत मारली का धा किलोमीटर बराबर चालते.’ चिप म्हणजे गाडीची ताकद वाढवायला बसवलेली ट्यूनिंग, त्याचं पुढं सविस्तर लिहिलंय. आमचं गॅरेज यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या एका फाट्यावर आहे. कापसाच्या हंगामात व्यापाऱ्यांच्या गाड्या आणि उन्हाळ्यात लग्नाच्या वराती, असं वर्षभर हेच दुखणं घेऊन कोणी ना कोणी येतं. गाड्या बहुतेक २००५ ते २०१४ मधल्या, कॉमन रेल टर्बो डिझेल, दोन-अडीच लाख किलोमीटर फिरलेल्या. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि रेल म्हणजे पंपाने दाबलेलं डिझेल सगळ्या नोझलांना पुरवणारी सामाईक नळी. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

लक्षणं

तिसऱ्या-चौथ्या गिअरला, २००० ते २५०० आरपीएमच्या आसपास पूर्ण रेस दिली की ओढ एकदम तुटते, कोणी मागून दोरी धरल्यासारखी. त्यानंतर गाडी २५००-३००० च्या वर जायला तयार नसते. चेक लाइट कधी लागतो, कधी नाही. चावी बंद करून परत चालू केली की सगळं ठीक, पुढच्या चढापर्यंत.

रेस दिल्यावर मागे काळा लोट. थोडी झाक नाही, लोट. मागचा मोटरसायकलवाला दिसेनासा होतो.

बोनेटखालून ‘फुस्स’ किंवा नेहमीपेक्षा मोठी शिट्टी. ऍव्हरेज पडलेलं. काही गाड्यांत इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण वेगाचा काटा तिथंच राहतो. हे शेवटचं लक्षण वेगळ्या रोगाचं आहे, त्याचं पुढं बोलू.

स्कॅनर लावला तर बहुतेक वेळा पी ०२९९ हा बिघाडाचा कोड निघतो, म्हणजे टर्बोचा दाब कमी. कधी उलटा पी ०२३४, म्हणजे दाब जास्त. पी ००८७ निघाला तर रेलमधला डिझेलचा दाब कमी, पी ००८८ निघाला तर जास्त.

धुराचा रंग नीट बघून या. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनला सकाळी थोडा वेळ आला तर घाबरायचं कारण नाही. गरम इंजिनला पांढरा येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हा लेख इथंच सोडा आणि हेड गॅस्केटसाठी मिस्त्री गाठा.

चिप करते काय

हे समजून घेतल्याशिवाय पुढची तपासणी आंधळी होते. आपल्याकडे ‘चिप’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे छोटा डबा, ट्यूनिंग बॉक्स. तो रेल प्रेशर सेन्सरच्या कपलरमध्ये (वायरिंगच्या जोडात) मधे बसतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, खोटं सांगतो. रेलमध्ये १२०० बार दाब असेल तर हा सांगतो ११००. ईसीयूला वाटतं दाब कमी पडला, तो पंपाला आणखी दाबायला लावतो, आणि नोझलमधून तेवढ्याच वेळात जास्त डिझेल जातं. दुसरा प्रकार रिमॅप. त्यात डबा नसतो, लॅपटॉप लावून ईसीयूच्या आतली फाइलच बदलतात.

साधा बॉक्स हवा आणत नाही, फक्त डिझेल वाढवतो. रिमॅपवाला टर्बोचा दाबही वाढवून मागतो, पण मागणं वेगळं आणि मिळणं वेगळं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर होऊ द्यायचा नसेल तर त्याहून बरीच जास्त. ती हवा पंधरा वर्षं जुने पाइप, जुनी व्हॅक्यूमची नळी आणि जुना टर्बो यांनाच आणायची असते. चिप टाकायच्या आधी पाइपातली चीर दहा टक्के हवा खात होती, ते कुणाला कळलं नव्हतं, कारण तेवढी हवा गाडीकडे शिल्लक होती. चिपने ती शिल्लक खाल्ली आणि चीर उघडी पडली. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत खुद्द बॉक्स बिघडलेला फार थोड्या वेळा निघाला. म्हणून बॉक्सवाल्याशी भांडण करायच्या आधी हवेचा रस्ता तपासा.

यात आपला उन्हाळाही भर घालतो. डिसेंबरातल्या १५ अंशांच्या पहाटेच्या तुलनेत मेमधल्या ४५ अंशांच्या दुपारी तेवढ्याच जागेत साधारण दहा टक्के हवा कमी असते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलात तर तिथं, १११८ मीटरवर, हवेचा दाब नागपूरपेक्षा आणखी नऊ टक्क्यांच्या आसपास घटलेला. डिसेंबरात गावात बसवून घेतलेली चिप मे महिन्यात त्या घाटात धूर ओकते, यात नवल काही नाही.

पहिलं काम: चिप काढा

फुकटाचं काम आहे आणि थांबणं धरून पंधरा मिनिटांचं. बॉक्स असेल तर गाडी बंद करा, चावी काढा, दहा मिनिटं थांबा, मग बॉक्सचे कपलर सोडवून मूळ कपलर सेन्सरला परत जोडा. रेलच्या लोखंडी पाइपांना हात लावायचा नाही, फक्त वायरिंगचा कपलर. जोडताना ‘टक्’ आवाज यायला हवा. कपलरच्या पिना हिरवट झाल्यात का, रबरी सील जागेवर आहे का, हे तेव्हाच बघा. मी कितीदा तरी हा ‘रोग’ कपलरमध्ये साचलेल्या पाण्यातच पकडलाय. गाडी धुताना प्रेशरने इंजिन धुवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजला येतात.

आता त्याच रस्त्यावर, त्याच चढावर गाडी न्या. बॉक्स काढूनही गाडी बसत असेल, तर दुखणं गाडीचं आहे. बॉक्स काढल्यावर बसत नसेल तरी लगेच बॉक्स वाईट ठरत नाही. अर्धी शक्यता अशी की गळती लहान आहे आणि कमी मागणीत चालून जाते. दोन्ही बाबतीत पुढची तपासणी बॉक्स काढूनच करायची. कारण बॉक्स जोडलेला असताना स्कॅनरवर दिसणारा रेलचा दाब खरा नसतो. ईसीयूला सांगितलेलं खोटंच स्कॅनर आपल्याला वाचून दाखवतो.

रिमॅप असेल तर हे घरी जमत नाही. ज्याने केलं त्याच्याकडे मूळ फाइल असते, ती परत टाकून मागा. एक नक्की बघा. फाइल टाकताना बॅटरीला चार्जर लावलेला असावा, आणि लाइनचा भरवसा नसेल तर सरळ दुसरी चांगली बॅटरी जोडावी. फाइल अर्धी गेली आणि व्होल्टेज पडलं, की ईसीयू दगड होतो.

क्लच, म्हणजे फुकटातली दुसरी तपासणी

मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरला ४०-५० च्या वेगाने जा आणि एकदम पूर्ण रेस द्या. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग हळूहळूच वाढला, तर क्लच सरकतोय. चिपने ताकद वाढली, प्लेट जुनी, तिला ती पेलत नाही. अशा गाडीचा टर्बो खोलून बसलेले मिस्त्री मी पाहिलेत. जळका वास आला तर ही तपासणी परत परत करू नका, उरलीसुरली प्लेटही जाईल. क्लच सेट बदलला तर पुढचं सगळं वाचायची गरजही उरत नाही कदाचित.

एअर फिल्टर, आणि आमच्याकडची रुई

आता हवेच्या रस्त्याने चालत जाऊ. फिल्टर काढा, उजेडाकडे धरा. उजेड पार होत नसेल तर नवा टाका. हवा मारून साफ केलेला फिल्टर पुन्हा पुन्हा वापरू नका. आतून जोरात हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि तिथून गेलेली धूळ टर्बोचं पातं खाते. वणीकडच्या, कोळशाच्या गाड्यांच्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाड्यांना कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच फिल्टर बदला, असं मी सांगतो. लोक हसतात, मग येतात.

इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी, बघायचा कोणी विचारच करत नाही. ज्या गाड्यांचा इंटरकूलर इंजिनच्या वर बसलेला असतो आणि बोनेटला त्याच्यासाठी नाक असतं, त्या जिनिंगच्या आवारात उभ्या राहिल्या की ते नाक हवेबरोबर रुई पण ओढतं. मागच्या हंगामात एका कापूस व्यापाऱ्याच्या गाडीचं वरचं कव्हर काढलं तर इंटरकूलरच्या पात्यांवर करड्या रंगाची गादी बसलेली. बोटाने टोक धरून ओढली तर पापडासारखी सबंध निघाली, हाताच्या पंजापेक्षा मोठी, आणि खालच्या बाजूने ऑइलने ओली. त्या गादीतून थंड हवा जाणार कुठून? टर्बोतून दाबून आलेली हवा सव्वाशे अंशांच्या पुढं सहज जाते. ती थंड झाली नाही तर दाब तेवढाच दिसतो, पण त्यात हवा कमी असते. स्कॅनरवर टर्बोचा दाब बरोबर, कोड एकही नाही, आणि तरी काळा धूर, असं असेल तर हे आधी बघा.

साफ करताना लांबून, सौम्य हवा मारा. पाती अल्युमिनियमची असतात, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने आडवी होतात.

होस आणि क्लिपा

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत रबरी होस असतात. इंजिन बंद आणि थंड असताना प्रत्येक होस हाताने दाबा, पिळा, खालच्या बाजूने बोट फिरवा. वरून दिसतो तो होस नेहमीच चांगला असतो. चीर खाली असते, क्लिपच्या कडेला, चंद्रकोरीसारखी. तिच्याभोवती ऑइल आणि धूळ मिळून काळा ओलसर चिखल झालेला असतो. बोटाला तोच आधी लागतो. आतून होसला थोडी ऑइलची झाक असणं चालतं, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, तेवढं येतंच. होस उलटा केला आणि ऑइल ओतलं गेलं, तर थांबा. ते टर्बोच्या सीलचं लक्षण आहे, त्याचं खाली लिहिलंय.

ही चीर उभ्या गाडीत दिसत नाही याचं कारण सोपं आहे. आयडलला होसमध्ये जवळजवळ दाबच नसतो, रबर आपल्या जागी मिटलेलं असतं. चढावर टर्बो एक-सव्वा बार दाब देतो तेव्हा ते तोंड उघडतं. हवा बाहेर, डिझेल आत. ईसीयूला सेन्सर सांगतो की मागितला तेवढा दाब आला नाही, आणि तो इंजिन वाचवायला ताकद कापतो. यालाच लिंप मोड म्हणतात. चावी बंद केली की ईसीयू झालं-गेलं विसरतो, म्हणून परत दहा किलोमीटर सुख.

क्लिपा आवळताना जोर दाखवू नका. जास्त आवळलेली क्लिप रबर कापते. जुन्या खाचेत परत क्लिप बसवण्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर सरकवून बसवा. होसला एम-सील किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून घरी पोचता येईल, पण चिप लावलेल्या गाडीत ती टिकत नाही.

व्हॅक्यूमच्या नळ्या आणि उंदीर

ज्या टर्बोत पाती हलणारी असतात, त्यांना हलवायला बहुतेक जुन्या गाड्यांत व्हॅक्यूम लागतो. बारीक काळ्या नळ्या असतात, पेन्सिलीपेक्षाही बारीक. पंपाकडून सोलेनॉइडकडे (ईसीयूच्या हुकमाने उघडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हकडे) आणि तिथून टर्बोची पाती हलवणाऱ्या डबीकडे जाणाऱ्या. एका नळीला सुईएवढं भोक पडलं तरी पाती पूर्ण फिरत नाहीत.

ग्रामीण भागात या नळ्यांचा मुख्य शत्रू उन्हापेक्षा उंदीर. गाडी कोठ्यापाशी, कापसाच्या किंवा सोयाबीनच्या ढिगाजवळ उभी राहते. थंडीच्या रात्री उंदराला गरम इंजिनसारखी जागा नाही. इंजिनवर सरकी, तुरीच्या शेंगांची टरफलं किंवा लेंड्या दिसल्या तर नळ्यांवर दातांच्या खुणा शोधा. नळीची टोकं कडक होऊन फाकलेली असतात, तीही बघा. लांबी पुरत असेल तर सेंटिमीटरभर कापून परत घाला. नाहीतर सगळ्या नळ्या एकदम बदला, खर्च चहापाण्याएवढा आहे. पाण्याची किंवा फवारणीपंपाची नळी वापरू नका. ती गरम झाली की व्हॅक्यूमने चपटी होते.

साधी चाचणी: कोणाला तरी गाडी चालू करायला सांगा आणि टर्बोच्या डबीचा दांडा बघा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू होताच दांडा एकसारखा ओढला जातो आणि बंद करताच परत येतो. हलतच नाही, किंवा मधे अडकून झटक्याने जातो, तर एकतर व्हॅक्यूम नाही किंवा आतली पाती काजळीने धरलीत. पट्टे-पंख्यापासून ओढणी, गमछा, बाह्या दूर ठेवा.

आणि हो, हाच व्हॅक्यूम ब्रेकलाही मदत करतो. ब्रेक पॅडल दगडासारखं कडक लागत असेल तर गाडी तिथंच उभी करा, हे चिपचं प्रकरण राहिलं नाही.

त्या दांड्यापाशी एक छोटा स्क्रू असतो, रंगाने किंवा लाखेने बंद केलेला. ‘हा दोन आटे फिरवला का गाडी उडते’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. फिरवू नका. पात्यांची शेवटची मर्यादा त्याने ठरलेली असते, आणि एकदा हलवला की मूळ जागा परत सापडत नाही.

डिझेल फिल्टर आणि हवेचे सेन्सर

कोड पी ००८७ असेल तर होसच्या मागे लागू नका, डिझेलकडे बघा. चिपमुळे पंप जास्त डिझेल मागतो आणि अर्धा तुंबलेला फिल्टर तेवढं सोडत नाही. फिल्टरच्या खालचा पाण्याचा नट ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं काढा, पंधरा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला, किंवा शेतातल्या ड्रमचा गाळ दिसला, तर फिल्टर बदला आणि ड्रममधून गाडीत डिझेल टाकणं बंद करा. ट्रॅक्टर ते सहन करतो, कॉमन रेलचं नोझल करत नाही.

हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे असतो. त्याची तार केसासारखी नाजूक. त्याच्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, तोच मारा, वाळू द्या, बोट किंवा कापूस लावू नका. तेल लावलेला ‘स्पोर्ट’ फिल्टर टाकला असेल तर त्याचं तेल या सेन्सरवर बसू शकतं. इंजिनजवळचा दाबाचा सेन्सर काढला तर टोकाला काजळीची टोपी दिसेल, ती हलक्या हाताने काढा.

स्कॅनर कसा वाचायचा

फोनला जोडायचा ब्लूटूथ डोंगल हजाराच्या आत मिळतो. जुन्या गाड्यांत तो सगळं वाचत नाही, पण दोन आकडे मिळाले तरी काम होतं. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा आणि दाबाचा आकडा बघा. नागपूरच्या उंचीवर, म्हणजे ३१० मीटरच्या आसपास, तो ९७-९८ किलोपास्कल असायला हवा, चिखलदऱ्यात ८९ च्या जवळ. इंजिन बंद असताना ८० किंवा १२० दाखवत असेल तर सेन्सरच खोटारडा आहे, पुढचे आकडे बघण्यात अर्थ नाही.

मग चढावर, दुसऱ्याला बाजूला बसवून, मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी बघा. चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. हे बाह्यवळणावर नाही, मोकळ्या रस्त्यावर करायचं. मागणी २२० किलोपास्कल आणि मिळतात १६० तर गळती किंवा व्हॅक्यूम. मागणी २२० आणि मिळतात २५० तर पाती अडकलेली. दोन्ही आकडे जुळतात आणि तरी धूर, तर इंटरकूलर किंवा नोझल.

साबणाच्या पाण्याची चाचणी

वरचं सगळं करून गळती सापडली नाही तर हे करा. ही माझी आवडती चाचणी. ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, गाडीच्या होसप्रमाणे ६३ किंवा ७५ मिलिमीटरचा. एका टोकाला एंड कॅप चिकटवा. कॅपला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून बसवा. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा होस सोडवा, त्यात हा तुकडा घालून क्लिप लावा, ब्रीदरची नळी बंद करा. पंक्चरवाल्याकडून हवा भरा, पण १५ पौंडांच्या वर नाही, आणि कॅपच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. सुटली तर ती गोफणीच्या दगडासारखी जाते. इंजिन अर्थातच बंद.

मग भांड्यात साबणाचा फेस करून ब्रशने प्रत्येक जोडाला लावा. इंजिनच्या आत हवा हळूहळू शिरणारच, काटा थोडा उतरेल, त्याला गळती समजू नका. गळतीचा फेस वेगळा असतो. उकळत्या दुधासारखा एका जागी वर येत राहतो. एकदा अशीच सगळी होस-क्लिपं तपासून झाली, काही नाही. शेवटी इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टाकीला, जिथं ती अल्युमिनियमला धरलेली असते, तिथं बुडबुडे आले. बाहेरून तडा नखालाही लागत नव्हता. त्या गाडीवर आधी दुसरीकडे नवा टर्बो बसवून झाला होता. मालक बराच वेळ त्या बुडबुड्यांकडे बघत उकिडवा बसला होता, मग म्हणाला, ‘एवढ्याशासाठी बापा?’

इथं थांबा

या पुढचं घरी किंवा फाट्यावरच्या गॅरेजात करायचं नाही. मी पण करत नाही, नागपूर-अमरावतीला कॉमन रेलचं टेस्ट बेंच असलेल्या डिझेलवाल्याकडे पाठवतो.

रेल, पंप, नोझलचे लोखंडी पाइप चालू इंजिनला कधीच ढिले करू नका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नट ढिला करून ‘कोणतं नोझल मारत नाही’ ते बघायची सवय सगळ्यांना आहे. कॉमन रेलमध्ये त्याच जागी हजार-दीड हजार बार दाब असतो. सुईएवढा फवारा हातमोज्यातून आणि कातडीतून आत जातो, वर फक्त एक ठिपका दिसतो. दुखतही नाही फारसं. काही तासांत हात सुजून काळा पडू शकतो. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, लगेच मोठ्या रुग्णालयात जायचं आणि ‘दाबाखाली डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. शस्त्रक्रिया लागू शकते.

होसमधून ऑइल ओतलं जातंय, निळा धूर येतोय, टर्बोच्या पात्याला हाताने पुढे-मागे ढकललं तर सरकतंय: गाडी चालवू नका. आडवा किंचित हलका लागणं चालतं, पुढे-मागे खेळ चालत नाही. सील पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. असं झालंच तर सर्वांत वरचा गिअर टाका, ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण दाबून धरा, क्लच एकदम सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. हवेच्या तोंडावर हात ठेवायला जाऊ नका. बंद पडत नसेल तर सोडून लांब व्हा.

खडखड आवाज, इंजिनमध्ये ऑइल भरायच्या तोंडातून धक्के देत येणारा धूर, एका सिलिंडरचं थरथरणं, हे पिस्टन-नोझलचं काम आहे. चिपने सतत जास्त डिझेल टाकलं की टर्बोच्या आधीचा गॅस ७५०-८०० अंशांच्या पुढे जातो. चढावर तो बराच वेळ तिथंच राहिला तर पिस्टनचं डोकं वितळायला लागतं.

आणखी एक. पीयूसीत बीएस-३ पर्यंतच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे, बीएस-४ ला ५०. काळा लोट सोडणारी गाडी त्यात बसत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि अपघात झाला तर विमावाला आधी तेच शोधतो. हे माहीत असून चिप ठेवायची की नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

बेल्टवर फिरणारा सुपरचार्जर असलेली पेट्रोल गाडी आमच्या भागात क्वचित येते. तिला वरचं फिल्टर-होस-साबणपाणी सगळं लागू आहे. टर्बोच्या दांड्याऐवजी बेल्ट आणि त्याचा टेन्शनर बघायचा. चढावर खटखट वाजली तर रेस सोडायची, कारण पेट्रोलमध्ये तो आवाज पिस्टन फुटायच्या आधीचा असतो.

चिप परत लावताना

बॉक्स काढून गाडी आठवडाभर त्याच चढावर बिनकोड चालली, मगच बॉक्स परत जोडा. सर्वांत खालच्या सेटिंगवर. बसवणाऱ्याने सरळ वरचं ठेवून दिलेलं असतं, गिऱ्हाईक पहिल्या दिवशी खूश व्हावं म्हणून. एक पायरी वाढवा, तीन दिवस चालवा, मागच्या गाडीतून कोणाला तरी धूर बघायला लावा. पूर्ण रेसला हलकी करडी झाक येऊन लगेच विरली तर ठीक, लोट आला की एक पायरी मागे. घाट चढून वर पोचल्यावर दोन मिनिटं आयडलला ठेवून मग बंद करा. तापलेल्या टर्बोत ऑइल फिरायचं थांबलं की ते तिथंच जळून कोळसा होतं.

माझ्या गाडीतल्या बॉक्सला नऊ पायऱ्या आहेत. पोळ्यानंतर मी चारवर ठेवतो. होळी झाली की दोनवर आणतो, आणि नवतपात बॉक्स काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो.